नापास विद्यार्थी, नभोवाणीचा कथाकार
सआदत हसन मंटो यांचे बालपण आणि कुटुंब

निकालाच्या दिवशी शिक्षकाला दोन प्रकारचे पालक भेटतात. काही पेढे घेऊन येतात आणि काही मुलाचा दाखला काढून न्यावयास येतात. काही वर्षांपूर्वी या दुसऱ्या प्रकारातील एक गृहस्थ माझ्याकडे आले होते. त्यांचा मुलगा नववीत नापास झाला होता व त्याला गॅरेजवर कामाला लावावयाचे, असे घरात ठरले होते. मुलगा वाईट नव्हता. मधल्या सुट्टीत तो गोष्ट सांगू लागला की भोवतालची मुले डबा उघडावयाचे विसरत. ही गोष्ट मला ठाऊक होती. परंतु प्रगतिपुस्तकात गोष्ट सांगण्यासाठी रकाना नसतो, म्हणून त्या दिवशी मी ती वडिलांना सांगितली नाही. कागदावर सही झाली, ते गृहस्थ गेले आणि तो मुलगा पुन्हा शाळेत आला नाही.

ही माझ्या हातून झालेली चूक आहे. तिची आठवण ठेवून यंदाच्या स्मरणिकेत मी एका अशाच मुलाची हकीकत सांगण्याचे योजिले आहे. हा मुलगा मॅट्रिकला दोनदा नापास झाला होता. तोही उर्दूसारख्या विषयात. पुढे त्याच भाषेतील अव्वल दर्जाच्या कथाकारांत त्याची गणना झाली आणि दिल्लीच्या रेडिओ केंद्रासाठी त्याने शंभरावर नाटके लिहिली. त्याचे नाव सआदत हसन मंटो.

मंटो यांचे नाव आपल्यापैकी पुष्कळांनी त्यांच्या कथांमुळे आणि कथांवरील खटल्यांमुळे ऐकले असेल. त्यांच्या काही कथा प्रौढांसाठीच आहेत, हे शिक्षक या नात्याने मी आधीच सांगून टाकतो. येथे मला बोलावयाचे आहे ते त्यांच्या घराविषयी व लहानपणाविषयी. मुलगा कसा घडतो आणि कोठे बिघडतो, हा प्रश्न आपणा सर्वांचाच आहे.

घराणे

सआदत हसन यांचा जन्म ११ मे १९१२ रोजी पंजाबातील लुधियाना जिल्ह्यात, समराळा गावाजवळ झाला. घराणे मूळचे काश्मिरी. काश्मीर सोडून पंजाबात उतरलेली अनेक कुटुंबे अमृतसरला स्थायिक झाली होती आणि पश्मिना शालींच्या व्यापारात त्यांचा जम बसला होता. मंटो हे आडनावही काश्मिरीच आहे. काश्मिरी भाषेत ‘मंट’ म्हणजे दीड शेराचे वजन. त्यावरून आपल्या घराण्याला हे नाव पडले, असे मंटो मोठ्या अभिमानाने सांगत असत.

पुढे या घराण्याने व्यापार सोडून कायद्याचा मार्ग धरला. अमृतसरमध्ये हे लोक ज्या गल्लीत राहत, तिचे नावच कूचा वकीलां, म्हणजे वकिलांची गल्ली असे होते. सआदतचे वडील गुलाम हसन हे सरकारी न्यायखात्यात न्यायाधीश होते. धर्मनिष्ठ, शिस्तीचे आणि करड्या स्वभावाचे गृहस्थ म्हणून त्यांची ख्याती होती. त्यांना दोन पत्नी होत्या. पहिल्या पत्नीचे मुलगे सआदतपेक्षा वयाने पुष्कळ मोठे होते, परदेशात शिकलेले होते आणि कायद्याच्या क्षेत्रात नावारूपाला आलेले होते. सआदत हा दुसऱ्या पत्नीचा, सरदार बेगम यांचा मुलगा. सख्खी अशी एकच थोरली बहीण, तिचे नाव इक्बाल.

अशा घरात धाकट्या मुलाची स्थिती कशी असते, हे सांगावयास नको. वडिलांच्या डोळ्यांपुढे थोरल्या मुलांचे यश होते. या मुलानेही त्याच वाटेने जावे, असे त्यांना वाटे. त्यात त्यांचे काही चुकले असे म्हणता येणार नाही. प्रत्येक बापाला तसेच वाटते. मात्र या मुलाच्या अंगी कोणता गुण आहे, हे पाहण्याइतकी सवड त्यांना मिळाली नाही. वडील फार कठोर व आई फार मायाळू, आणि त्या दोघांच्या मध्ये आपण सापडलो, असे मंटो यांनी पुढे स्वतःच लिहून ठेवले आहे.

आईला ते बीबीजान म्हणत. दुसरी पत्नी म्हणून घरात वावरताना सरदार बेगम यांना जे सोसावे लागले असेल, ते त्यांनी मुलांपर्यंत पोहोचू दिले नाही. मुलगा खोड्या करो, खोटे बोलो, नापास होवो, त्यांनी त्याच्यासाठी घराचा दरवाजा कधी बंद केला नाही. मंटो यांच्या कथांमध्ये समाजाने झिडकारलेल्या स्त्रीविषयी जो कळवळा आढळतो, त्याचे मूळ शोधावयाचे झाल्यास मला तरी ते या माउलीपाशी सापडते.

शाळा

सआदतचे सुरुवातीचे शिक्षण घरीच झाले व नंतर त्याला अमृतसरच्या मुस्लिम हायस्कुलात घालण्यात आले. शाळेत तो हुशार म्हणून प्रसिद्ध नव्हता. प्रसिद्ध होता तो अफवा उठविण्यासाठी. त्याच्या मित्रांनी पुढे ज्या आठवणी सांगितल्या, त्यांत एक अशी आहे की, उन्हाळ्यात लाहोरच्या वाहतूक पोलिसांना गारवा मिळावा म्हणून बर्फाचे कोट देण्यात येणार आहेत, अशी बातमी या पोराने पसरविली होती. ताजमहाल अमेरिकेने विकत घेतला आहे, अशीही एक बातमी त्याच्याच कारखान्यातून निघाली होती. ऐकणाऱ्याला पटावे अशा तपशिलाने तो हे सांगे, आणि लोक विश्वास ठेवीत.

शिक्षकांच्या दृष्टीने हे खोटे बोलणे झाले व खोटे बोलणे वाईटच. पण बर्फाच्या कोटाची कल्पना ज्याला सुचते आणि ती दुसऱ्याला खरी वाटेल अशा रीतीने ज्याला सांगता येते, त्याच्यापाशी कथाकाराचे भांडवल असते, हे आज आपल्याला दिसते. त्या वेळी ते कोणाला दिसले नाही.

याच सुमारास सआदतला नाटकाचे वेड लागले. आगा हश्र काश्मिरी यांची नाटके त्या काळी हिंदुस्थानभर गाजत होती. हे आगा हश्र अमृतसरला येत, तेव्हा शहरात त्यांचीच चर्चा असे. सआदतने दोन-चार मित्र जमवून एक नाटकमंडळी काढली आणि त्यांचेच एक नाटक बसवावयास घेतले. पेटी आली, तबला आला, तालमी सुरू झाल्या. ही मंडळी जेमतेम पंधरा-वीस दिवस चालली. एके दिवशी वडील तेथे येऊन धडकले. त्यांनी पेटी आणि तबला फोडून टाकला आणि असले धंदे आपल्या घराण्यात चालणार नाहीत, अशी सक्त ताकीद दिली.

पालकांनो, या प्रसंगाकडे दोन्ही बाजूंनी पाहिले पाहिजे. एका न्यायाधीशाच्या घरी, त्या काळात, नाटकाला प्रतिष्ठा नव्हती. मुलगा अभ्यासात मागे पडत होता, हेही खरेच होते. परंतु पेटी फोडल्यामुळे मुलगा अभ्यासाला लागला नाही. तो घराबाहेर अधिक राहू लागला, इतकेच झाले. मॅट्रिकची परीक्षा त्याने दोनदा दिली आणि दोनदा नापास झाला. अखेर १९३१ साली तो तिसऱ्या वर्गात उत्तीर्ण झाला. ज्या उर्दूने पुढे त्याचे नाव केले, त्याच उर्दूच्या पेपराने त्याला दगा दिला होता.

परीक्षेची उर्दू आणि त्याची उर्दू यांत अंतर होते. परीक्षेला हवी होती ती जुन्या वळणाची, अलंकारिक, पाठ केलेली भाषा. त्याच्यापाशी होती ती गल्लीतील, टांगेवाल्याची, बाजारातील भाषा. पुढे त्याच भाषेने त्याला कथाकार केले. परंतु उत्तरपत्रिका तपासणाऱ्याने त्या वेळी जे गुण दिले, ते त्याच्या कामाच्या नियमांप्रमाणेच दिले असतील. मी स्वतः दरवर्षी उत्तरपत्रिका तपासतो, म्हणून त्या अनोळखी परीक्षकाला दोष देण्याचे धाडस मला होत नाही. मात्र तेव्हापासून लाल पेन हाती घेताना थोडा थांबू लागलो आहे.

वाया गेलेली वर्षे

मॅट्रिकनंतर सआदत अमृतसरच्या हिंदू सभा कॉलेजात दाखल झाला. येथेही तो इंटरच्या परीक्षेत नापास झाला. वर्गात बसण्यापेक्षा भटकणे अधिक होते. जुगाराच्या अड्ड्यावर पत्ते खेळण्यात दिवस जाऊ लागले. १९३२ साली वडिलांचे निधन झाले. धाक गेला आणि त्याबरोबर घरातील उत्पन्नही गेले. थोरले भाऊ आपापल्या संसारात होते. आई, बहीण आणि ज्याला कोणतीच परीक्षा धड पास होता येत नाही असा वीस वर्षांचा मुलगा, अशी या घराची अवस्था झाली. त्या वेळी अमृतसरमधील कोणालाही विचारले असते, तर हा मुलगा वाया गेला, असेच उत्तर मिळाले असते.

विद्यार्थी मित्रांनो, येथे एक गोष्ट ध्यानात घ्या. मंटो नापास झाले आणि तरीही मोठे झाले, म्हणून नापास होण्यात काही मोठेपणा आहे, असा अर्थ काढू नका. अमृतसरमध्ये त्यांच्याबरोबर जुगार खेळणारे इतरही तरुण होते. त्यांची नावे आज कोणाला ठाऊक नाहीत. सआदतच्या आयुष्याला वळण मिळाले ते नापास होण्यामुळे नव्हे. ते मिळाले एका माणसाच्या भेटीमुळे आणि त्यानंतर केलेल्या वाचनामुळे.

बारी साहेब

हा माणूस म्हणजे बारी अलीग. मूळ नाव अब्दुल बारी. अलिगढला शिकलेले, इतिहासाचे अभ्यासक आणि व्यवसायाने पत्रकार. ‘कंपनी की हुकूमत’ हे ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभारावरील त्यांचे पुस्तक पुढे प्रसिद्ध झाले. १९३३ साली ते ‘मसावात’ या पत्राच्या संपादनासाठी अमृतसरला आले आणि तेथे त्यांची या रिकामटेकड्या तरुणाशी गाठ पडली.

बारी साहेबांनी काय केले? त्यांनी उपदेश केला नाही. जुगार सोड, असे सांगून पाहिले असते तर या मुलाने ते कानांआड केले असते, कारण तसे सांगणारे पुष्कळ होते. त्यांनी त्याचे बोलणे ऐकून घेतले आणि त्याच्या हाती पुस्तके दिली. व्हिक्टर ह्यूगो, ऑस्कर वाइल्ड, चेकॉव्ह, गॉर्की अशा फ्रेंच, इंग्रजी व रशियन लेखकांची नावे सआदतला बारी साहेबांच्या सहवासात कळली. मग त्यांनी त्याच्याकडून काम करवून घेतले. आधी वर्तमानपत्रात सिनेमाविषयी लिहावयास लावले आणि नंतर ह्यूगोच्या एका पुस्तकाचे उर्दू भाषांतर करावयास सांगितले. फाशीची शिक्षा झालेल्या एका कैद्याच्या अखेरच्या दिवसाची ती हकीकत आहे. ज्या मुलाने शाळेत निबंध धड लिहिला नव्हता, त्याने शब्दकोश समोर ठेवून अवघ्या काही दिवसांत ते भाषांतर पुरे केले. ‘सरगुजश्त-ए-असीर’ या नावाने ते १९३३ साली पुस्तकरूपाने निघाले. त्यानंतर मित्र हसन अब्बास यांच्याबरोबर त्याने वाइल्डच्या एका नाटकाचे भाषांतर केले.

भाषांतरानंतर आली स्वतःची गोष्ट. सआदत सात वर्षांचा होत होता, तेव्हा त्याच्या गावात जालियनवाला बागेचे हत्याकांड घडले. १३ एप्रिल १९१९ रोजी जनरल डायरच्या हुकुमाने निःशस्त्र जमावावर गोळीबार झाला आणि सरकारी आकड्यानुसार ३७९ माणसे मारली गेली. अमृतसरच्या प्रत्येक मुलाच्या मनावर त्याचा ठसा उमटला होता. मंटो यांची ‘तमाशा’ ही पहिली कथा याच काळावर आहे. एक लहान मुलगा घराच्या खिडकीतून शहरात काय चालले आहे ते पाहतो आणि त्याला त्याचा अर्थ नीट कळत नाही. वडील त्याला खरे सांगत नाहीत. बारी साहेबांच्या ‘खल्क’ या साप्ताहिकात ही कथा लेखकाचे नाव न घालता छापली गेली. वीस-बावीस वर्षांच्या तरुणाची ही पहिलीच गोष्ट आणि तिच्यात एक मूल, एक बाप व मुलाने विचारलेले प्रश्न आहेत. आपल्या घरात जे बोलता आले नव्हते ते त्याने कागदावर मांडले, असे मला वाटते.

१९३४ साली पुन्हा शिकण्याची उमेद धरून तो अलिगढ विद्यापीठात गेला. तेथे अली सरदार जाफरी यांच्यासारखे समवयस्क मित्र लाभले. परंतु काही महिन्यांतच क्षयाचा संशय आला आणि विद्यापीठ सोडावे लागले. हवापालटासाठी जम्मूच्या डोंगरातील बटोत येथे तो काही महिने राहिला. पदवी मिळाली नाही ती नाहीच.

मुंबई आणि आई

१९३६ साली मंटो मुंबईस आले. ‘मुसव्विर’ या उर्दू सिनेसाप्ताहिकाच्या संपादकाची नोकरी मिळाली. पगार महिना ४० रुपये. आरंभी ते कचेरीतच झोपत आणि त्याबद्दल पगारातून २ रुपये कापून घेतले जात. पुढे महिना सुमारे ९ रुपये भाड्याची एक खोली त्यांनी घेतली. ढेकूण, उंदीर आणि साऱ्या चाळीला मिळून मोजक्या मोऱ्या. मुंबईच्या चाळीत वाढलेल्या वाचकांना अधिक वर्णन करावयाची गरज नाही.

त्यांची बहीण लग्नानंतर मुंबईत माहीमला राहत होती आणि आईही तिच्यापाशी होती. मेहुण्यांशी मंटो यांचे पटत नसे. त्यामुळे माय-लेकरांची भेट घराबाहेरच होई. एके दिवशी बीबीजान मुलाची खोली पाहण्यास आल्या. न्यायाधीशाच्या घरातील त्या बाईच्या डोळ्यांत ती खोली पाहून पाणी आले. परंतु त्या रडत बसल्या नाहीत. मुलाचा संसार मांडून द्यावयाचा असे त्यांनी मनाशी ठरविले आणि मुलगी शोधली.

सफिया या काश्मिरी घराण्यातीलच होत्या व योगायोग असा की, त्यांची जन्मतारीखही ११ मे हीच होती. सफिया यांचे काका पोलीस खात्यात बोटांच्या ठशांचे तज्ज्ञ होते. त्यांच्यापुढे बसून मंटो यांनी आपली मिळकत किती तुटपुंजी आहे, नोकरीचा भरवसा कसा नाही आणि आपण रोज मद्य घेतो, हे सर्व काही न लपविता सांगून टाकले. आपल्याला नकार मिळणार, अशी त्यांची खात्री होती. मिळाला होकार. २६ एप्रिल १९३९ रोजी लग्न झाले व भायखळ्याच्या क्लेअर रोडवर ॲडेल्फी चेंबर्समध्ये हे दांपत्य राहू लागले. मुलाचा संसार डोळ्यांनी पाहून पुढच्याच वर्षी, १९४० साली, बीबीजान यांनी या जगाचा निरोप घेतला.

दिल्लीचे रेडिओ केंद्र

१९४१ च्या आरंभी मंटो दिल्लीस ऑल इंडिया रेडिओत, म्हणजे पुढे आपण जिला आकाशवाणी म्हणू लागलो त्या संस्थेत, नोकरीस लागले. रेडिओ केंद्र त्या वेळी दिल्लीच्या अलीपूर रोडवरील एका बंगल्यात होते. ‘पतरस’ या नावाने विनोदी लेखन करणारे अहमदशाह बुखारी हे रेडिओ खात्याचे प्रमुख होते. कृष्ण चंदर, उपेंद्रनाथ अश्क, न. म. राशिद असे लेखक-कवी तेथे एका छपराखाली काम करीत होते. इतक्या गुणी माणसांची कचेरी क्वचितच पाहावयास मिळते.

नभोनाट्य लिहिणे हे रंगभूमीच्या नाटकापेक्षा अवघड काम आहे. पडदा नाही, पोशाख नाही, चेहऱ्यावरचे हावभाव नाहीत. श्रोत्यापाशी केवळ कान. त्याला घर दिसावयाचे ते संवादातून, आणि पात्र ओळखू यावयाचे ते आवाजातून व बोलण्याच्या लकबीतून. वाक्य लांबले की श्रोता खुंटी पिरगळून दुसरे केंद्र लावतो. परीक्षेत ज्या बोलीने गुण घालविले होते, तीच बोली येथे कामास आली. कुल्फीवाला कसा बोलतो, भाडेकरू कसा बोलतो, नवरा-बायको किरकोळ गोष्टीवरून कशी भांडतात, हे मंटो यांनी लहानपणापासून कान देऊन ऐकले होते.

त्यांची ‘आओ’ ही नाट्यमालिका पाहा. किशोर, त्याची पत्नी लाजवंती आणि त्यांचा मित्र नारायण, अशी अवघी तीन माणसे. आओ कहानी लिखें, आओ ताश खेलें, आओ झूठ बोलें, आओ रेडिओ सुनें, अशी एकेका भागाची नावे. घरात बसल्या बसल्या काही तरी करावयाचे ठरते आणि त्यातून गोंधळ उडतो, एवढाच मामला. झूठ बोलण्याचाही खेळ होऊ शकतो, हे बर्फाच्या कोटाची अफवा उठविणाऱ्या मुलालाच सुचावे. ज्याची पेटी आणि तबला वडिलांनी फोडला होता, त्याची नाटके आता ध्वनिक्षेपकावरून घराघरांत ऐकू येत होती.

मंटो तेथे उर्दू टाइपरायटरवर थेट नाटक टाइप करीत. कागदाच्या माथ्यावर ७८६ हा आकडा घालूनच कोणतेही लिखाण सुरू करावयाचे, ही त्यांची कायमची सवय होती. अवघ्या दीड-पावणेदोन वर्षांत त्यांनी शंभरावर नाटके व रूपके लिहिली. त्यांतील निवडक नाटकांची पुस्तकेही निघाली.

याच दिल्लीत त्यांच्यावर मोठे दुःख कोसळले. पहिला मुलगा आरिफ १९४१ साली, वर्षाचाही होण्याआधी वारला. ज्यांच्या घरी असे घडले आहे, त्यांना याविषयी अधिक सांगावे लागत नाही. ‘खालिद मियाँ’ या त्यांच्या कथेत मुलाच्या मरणाच्या भीतीने खचलेला बाप आहे. आपल्या वडिलांना मुलाशी दोन शब्द मायेने बोलता आले नव्हते. मंटो यांना ते आले, परंतु तोपर्यंत मूलच राहिले नव्हते.

१९४२ साली आपल्या एका नाटकात दुसऱ्यांनी केलेले फेरफार त्यांना सहन झाले नाहीत. भांडण झाले आणि नोकरी सोडून ते मुंबईस परत आले.

पुढचे आयुष्य

पुढील इतिहास प्रसिद्ध आहे. मुंबईत त्यांनी चित्रपटांसाठी लिहिले आणि या शहरावर जिवापाड प्रेम केले. फाळणीनंतर जानेवारी १९४८ मध्ये ते लाहोरला गेले, कारण कुटुंब आधीच तिकडे पोहोचले होते. तेथे त्यांनी फाळणीवरील कथा लिहिल्या. त्यांतील ‘टोबा टेक सिंह’ ही कथा अनेक भाषांत पोहोचली आहे. फाळणीपूर्वी तीन व नंतर तीन, असे सहा वेळा त्यांच्या लेखनावर अश्लीलतेचे खटले झाले. १९५४ साली त्यांच्या कथेवरील ‘मिर्झा गालिब’ हा मुंबईचा चित्रपट प्रदर्शित झाला, तेव्हा ते स्वतः लाहोरात पैशासाठी धडपडत होते; त्या चित्रपटाला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले ते त्यांच्या मृत्यूनंतर.

मद्याचे व्यसन त्यांना सोडवत नव्हते. मिळालेला पैसा त्यात जाई. सफिया यांनी काय काय भोगले असेल, याची कल्पना करावी. १८ जानेवारी १९५५ रोजी यकृताच्या विकाराने मंटो यांचे लाहोरात निधन झाले. वय अवघे ४२. मागे तरुण पत्नी आणि तीन लहान मुली राहिल्या. सफिया यांनी त्या मुलींना वाढविले. २२ कथासंग्रह, एक कादंबरी, नभोनाट्यांचे पाच संग्रह, शिवाय लेख व व्यक्तिचित्रे, एवढी मंटो यांची ठेव आहे. त्यांच्या मृत्यूनंतर अर्धशतक उलटून गेल्यावर, जन्मशताब्दीच्या वर्षी म्हणजे २०१२ साली, पाकिस्तान सरकारने त्यांना निशान-ए-इम्तियाज हा किताब दिला. ज्यांना त्या मानाची गरज होती, ते तेव्हा हयात नव्हते.

आपल्यासाठी

या हकीकतीत आपण सर्वच आहोत. वडिलांची चूक आपण पाहिली, पण त्यांची काळजीही खरी होती. आईने माया दिली, पण केवळ मायेने मुलगा जुगारापासून परावृत्त झाला नाही. शाळेने नियमाप्रमाणे गुण दिले आणि मूल ओळखण्याचे काम राहून गेले. ते काम एका पत्रकाराने केले, ज्याच्यावर त्याची काही जबाबदारी नव्हती. त्यासाठी त्याला पैसा खर्च करावा लागला नाही. त्याने ऐकून घेतले, पुस्तक दिले आणि पुढचे काम सांगितले. मात्र बारी साहेबही या मुलाला व्यसनापासून वाचवू शकले नाहीत. गुण कितीही मोठा असला तरी संयमावाचून तो माणसाला व त्याच्या घराला पोसत नाही, हेही याच आयुष्याने दाखविले आहे. विद्यार्थ्यांनी मंटो यांचे वाचन घ्यावे, मेहनत घ्यावी, खरे बोलण्याचे धाडस घ्यावे. बाकीचे त्यांच्यापाशीच राहू द्यावे.

पालकांना माझी एकच विनंती आहे. निकाल हाती घेऊन शाळेत याल, तेव्हा दाखला मागण्याआधी शिक्षकाला एक प्रश्न विचारा. माझ्या मुलाला काय येत नाही, हे कागदावर दिसते आहे. त्याला काय येते? शिक्षकाला उत्तर देता आले नाही, तर तो दोष शिक्षकाचा समजा. मी स्वतः आता प्रगतिपुस्तकाच्या तळाशी, सहीच्या वर, प्रत्येक मुलाविषयी एक ओळ लिहितो. कोणाचा गळा चांगला असतो, कोणाचा हिशेब तोंडी चोख असतो, कोणी गोष्ट छान सांगतो. त्या गॅरेजवर गेलेल्या मुलाच्या पुस्तकात ही ओळ लिहावयाची राहून गेली.

आपल्या संस्थेच्या शाळांतून अशी एकही ओळ लिहावयाची राहू नये, आणि ती वाचावयास प्रत्येक घरात कोणी तरी असावे, हीच अल्लाहजवळ दुआ.